तो, ती, ते आणि हेर फाल्श

वेल्को पेरिशिचला जर्मनीतल्या आखन शहरातली मुलं हेर फाल्श म्हणतात. फाल्श म्हणजे चूक. आपल्या भाषेत सांगायचं तर चूकराव. हे नाव मुलांनीच दिलं, आणि त्याला ते इतकं आवडलं की दाराच्या बेलवर खऱ्या नावाखाली त्यानं तेही लिहून टाकलं. पोस्टमन आता त्याच नावानं हाक मारतो.

पण हे पुष्कळ नंतरचं. त्याआधी तो चिका वेल्को होता. सर्बियन भाषेत चिका म्हणजे काका.

तो जन्मला सर्बियातल्या नोवी साद शहरात, डॅन्यूब नदीच्या काठी. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. दुकानात आरशाशेजारी खुंटीला एक ॲकॉर्डियन टांगलेलं असायचं. गिऱ्हाईक नसलं की वडील ते गळ्यात अडकवत, आणि गिऱ्हाईक आलं तरी चालू धून संपवूनच वस्तरा हातात घेत. वेल्को त्याच दुकानात वाजवायला शिकला. पुढे संगीतशाळेत गेला, पियानो शिकला, स्वरलेखन शिकला. आणि विशीत असताना त्याला बाहुल्यांच्या नाटकमंडळीत वादकाची नोकरी लागली. रंगमंचाच्या कडेला बसायचं, लांडगा आला की घाबरवणारं वाजवायचं, ससा आला की उड्या मारणारं. तोंड उघडायचं कारणच नव्हतं.

एका थंडीतल्या दुपारी खेळ ऐन रंगात असताना लांडग्याचं मुंडकं निखळलं आणि घरंगळत थेट पहिल्या रांगेतल्या मुलांच्या पायांशी गेलं. दोन मुलं रडायला लागली, मग दहा, मग सगळं सभागृह. पडद्यामागचे बाहुलीवाले गोठून उभे. वेल्को ॲकॉर्डियन गळ्यात घेऊन तसाच खाली उतरला, मुंडकं उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि गात गातच विचारलं, "हे डोकं कुणाचं? गाईचं का?"

मग एक मुलगी हुंदका गिळून म्हणाली, "लांडग्याचं."

"बरं बरं, कोंबडीचं," वेल्को म्हणाला.

"लांडग्याचं," आता पाच-सहा आवाज आले.

बोकड, बेडूक, पोस्टमास्तर असं करत करत तो सभागृहभर फिरला, आणि प्रत्येक वेळी मुलांचा आवाज वाढत गेला. शेवटी लांडगा हे उत्तर इतकं जोरात आलं की वेल्को दचकून मागं पडला. तो खरंच दचकला होता, पण मुलांना तो अभिनय वाटला. घरी जाताना मुलं हसत गेली. दिग्दर्शकानं त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "उद्यापासून तू कडेला बसायचं नाहीस."

त्या दुपारी वेल्कोला त्याचं सगळं शास्त्र सापडलं. मुलांना गाणं पूर्ण करून द्यायचं नाही. गाण्यात एक जागा मोकळी सोडायची. आपण चुकायचं, थांबायचं, आणि ती जागा मुलांना भरू द्यायची. पुढच्या दहा वर्षांत त्यानं कितीतरी गाणी बांधली: बस चुकलेल्या गोगलगाईचं, पाण्याला घाबरणाऱ्या छत्रीचं, फार गरम असल्यामुळे कुणीच मैत्री करत नाही अशा सूपाचं. दर रविवारी सकाळी तो रेडिओवर गायचा. स्टुडिओत मुलं नसायची, तरी तो मोकळ्या जागा सोडायचाच. घराघरांतून मुलं रेडिओसमोर ओरडून उत्तरं देतात हे त्याला ठाऊक होतं, कारण रविवारी वडिलांच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं तशी तक्रारच करायची.

मग देश फुटला. नाटकमंडळीचे दौरे बंद पडले, रेडिओवर सकाळ-संध्याकाळ नुसत्या बातम्या. वेल्कोची बायको ल्युबित्सा नर्स होती. आखनमध्ये नर्स हव्या आहेत असं तिच्या मावसबहिणीनं कळवलं, तेव्हा दोघांनी फार विचार केला नाही. पाच वर्षांची येलेना, दोन बॅगा आणि ॲकॉर्डियन घेऊन ते जर्मनीत आले.

ल्युबित्सा कामाला लागली. येलेना बालवाडीत गेली. वेल्कोला मात्र काहीच सुचेना. सुतार असता तर रंधा धरला असता, लाकडाला कुठली भाषा असते? पण मुलांना हसवणाऱ्या माणसाची भाषाच काढून घेतली तर त्याच्याकडे उरतं काय? ॲकॉर्डियन कपाटावर गेलं. वर्षभर त्यानं गोदामात खोकी उचलली आणि मग एका प्राथमिक शाळेत त्याला हाउसमाइस्टरचं काम मिळालं. म्हणजे गळके नळ, कुरकुरणारी दारं, फुटलेल्या काचा आणि बर्फ पडला की भल्या पहाटे फावडं.

येलेना तोवर भराभर जर्मन बोलायला लागली होती. जेवायला बसलं की बापाच्या चुका काढायची. वेल्कोनं चमचा मागितला की म्हणायची, "डी नाही बाबा, डेर. डेर ल्योफेल." जर्मन भाषेत चमचा पुरुष, म्हणजे डेर; काटा बाई, म्हणजे डी; आणि सुरी नपुंसक, म्हणजे डास. वेल्कोच्या सर्बियनमध्ये चमचा आणि काटा दोघी बायका, सुरी पुरुष. त्याचा इतका गोंधळ व्हायचा की तो हातानंच खायला लागायचा.

एकदा त्यानं तिला सर्बियनमध्ये विचारलं, "शाळेत काय केलंस?" तिनं जर्मनमध्ये उत्तर दिलं. ल्युबित्साच्या लक्षातही आलं नाही. वेल्कोनं मात्र हातातला घास खाली ठेवला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. शाळेच्या जेवणघरात तो खिडकीची बिजागरी बसवत होता. मुलं टेबलं मांडत होती. एकीनं विचारलं, "हेर पेरिशिच, काटे कुठे ठेवलेत?" वेल्कोनं बोट दाखवलं आणि म्हणाला, "डेर गाबेल तिकडे." एक मुलगा हसला. मग सगळेच हसले. "डी गाबेल, हेर पेरिशिच, डी." वेल्कोचे कान तापले. स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून तो तळघरातल्या आपल्या खोलीत जाऊन बसला.

संध्याकाळी त्यानं हे ल्युबित्साला सांगितलं. ती पाय सोडून बसली होती, दिवसभर वॉर्डात उभी राहून थकलेली. ती म्हणाली, "कशी हसली मुलं?"

"कशी म्हणजे?"

"वाईट हसली, की लांडग्याच्या डोक्याच्या वेळी हसली तशी?"

वेल्को उठला. मग स्टुलावर चढला आणि कपाटावरचं ॲकॉर्डियन खाली काढलं. त्याच्या भात्यात इतकी धूळ साठली होती की पहिल्या सुरालाच येलेना शिंकली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हाउसमाइस्टर निळ्या डगल्यावर ॲकॉर्डियन अडकवून जेवणघरात आला. सगळ्या टेबलांकडे नजर टाकून त्यानं सूर धरला आणि गायला लागला, "डी ल्योफेल..." आणि थांबला.

"डेर!" सगळं जेवणघर ओरडलं.

"डेर गाबेल..."

"डी!"

"डी मेसर... नाही? डेर मेसर?"

"डास!"

मुलांनी चमचे टेबलावर आपटून ताल धरला. स्वयंपाकघरातल्या बायका पदार्थ विसरून दारात आल्या. मुख्याध्यापिकाबाई धावत जिना उतरल्या, रागावायलाच आल्या होत्या. पण त्या पोहोचल्या तेव्हा गाणं दारावर आलं होतं, आणि हेर पेरिशिचनं दाराला पुरुष केलेलं पाहून त्यांच्याही तोंडून आपसूक "डी" निघून गेलं. त्या दिवशी वेल्को हेर फाल्श झाला.

पुढची तीस वर्षं दोन्ही कामं हातात हात घालून चालली. सकाळी नळ, दुपारी गाणी. शाळेच्या उत्सवातून बालवाड्यांत, बालवाड्यांतून ग्रंथालयांत, मग बॉनच्या रस्त्यावरच्या जत्रेत, सीमेपलीकडे बेल्जियममधल्या शाळांत. आधी त्याच्या चुका खऱ्या होत्या. हळूहळू जर्मन सुधारलं आणि त्याला त्या ठरवून करायला लागल्या. त्याचा त्याला थोडा राग यायचा. "बरोबर आलं की गाण्यातला जीव जातो," असं तो ल्युबित्साला म्हणायचा. घरी त्यानं तीच युक्ती उलटी फिरवली. येलेनासमोर तो सर्बियन चुकीची बोलायचा आणि ती चिडून सर्बियनमध्ये त्याला दुरुस्त करायची. आज ती हँबर्गला असते आणि बापाशी फोनवर अस्खलित सर्बियनमध्ये भांडते.

वेल्को निवृत्त झाला, तरी दर वर्षी ऑगस्टमध्ये पहिलीच्या मुलांचा स्वागतसमारंभ त्याच्याशिवाय होत नाही. यंदाच्या समारंभाला, नेहमीप्रमाणे, मुलं हातात खाऊनं भरलेले, स्वतःएवढ्या उंचीचे कागदी शंकू घेऊन बसली होती. मागं आईबाप, आजीआजोबा. वेल्को गाता गाता लोकांकडे बघत होता. तिसऱ्या रांगेत त्याला एक वयस्क गृहस्थ दिसले. पांढऱ्या मिशा, अंगात कोट, चेहऱ्यावर एकही शब्द कळत नसल्याची शांतता. पण त्यांची बोटं गुडघ्यावर चालली होती, आणि ती चुकत नव्हती.

समारंभ संपल्यावर त्यांची सून वेल्कोकडे आली. तिचं नाव विभावरी. मूळची पुण्याची, आखनमध्ये गाड्यांच्या इंजिनांवर काम करणारी इंजिनियर. शेजारी तिची सहा वर्षांची मुलगी शमिका, शंकूला मिठी मारून उभी. विभावरीनं आधी गाण्याचं कौतुक केलं, मग जरा अडखळली, मग एकदम विचारलं, "हेर पेरिशिच, तुम्हाला मराठीत चुकता येईल का?"

वेल्कोला वाटलं, आपलं जर्मन पुन्हा कच्चं झालं. त्यानं तिला परत विचारायला लावलं.

तिनं सांगितलं ते असं. रविवारी दहाबारा मराठी मुलांना एकत्र करून ती मराठीचा वर्ग घेते. मुलांना सगळं कळतं, पण तोंडातून निघतं ते जर्मनच. सासरे दीनानाथराव साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत, खास नातीशी गप्पा मारायला. ते विचारतात, "शमू, जेवलीस का?" ती म्हणते, "या, ओपा," म्हणजे हो, आजोबा. ते विचारतात, "काय खाल्लंस?" ती म्हणते, "नूडेल्न." झाल्या गप्पा. "आणि आज तुम्ही चुकलात तेव्हा," विभावरी म्हणाली, "ही सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. घरी हिचा आवाज ऐकायला कान द्यावा लागतो."

वेल्कोच्या डोळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावरची लहानपणची येलेना आली. त्यानं होकार दिला.

त्या आठवड्यात विभावरीच्या घरी दोन-तीन बैठका झाल्या. मराठीतही तो, ती, ते आहेत हे ऐकून वेल्को खूश झाला. पण ते आपल्या दोन्ही भाषांशी जुळत नाहीत हे कळल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. शब्द विभावरीनं लिहिले, अगदी साधे:

चमचा आला डुलत डुलत,
वाटी आली हसत हसत,
ताट बसलं पाटावर,
पोळी पडली भातावर.

वेल्कोनं चाल बांधायला घेतली. त्याच्या आजोळी, दक्षिणेकडे, नाचासाठी एक ठेका असतो, तीन-दोन-दोन असा, जरा लंगडत चालल्यासारखा. त्यानं तो ॲकॉर्डियनवर धरला. दीनानाथराव सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. ते एसटी डेपोत नोकरी करून निवृत्त झालेले, पण गावातल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं तबल्याला बसलेले. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"विभा, यांना विचार, हा ठेका कुठून आणला."

"त्यांच्या गावाकडचा आहे म्हणतात, बाबा."

"अगं, हा तर आपला रूपक." आणि त्यांनी स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकची बादली मागवून घेतली, उपडी घातली आणि सुरू केलं. तीं तीं ना, धी ना, धी ना. वेल्कोनं मान डोलावली. दोघं थांबेनात. एकाला मराठीशिवाय काही येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी येत नव्हती, आणि विभावरी चहा घेऊन आली तेव्हा त्यांना तिची गरज उरली नव्हती. शेवटी दीनानाथरावांनी ॲकॉर्डियनच्या भात्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पेटीच आहे ही, वेल्कोराव. फक्त गळ्यात घातलीय." तेव्हापासून तो त्यांचा वेल्कोराव झाला.

घरी मात्र वेल्कोला वेगळाच घोर लागला. जर्मन त्यानं तीस वर्षं बोलून आपलंसं केलं होतं. मराठीचा तो पाहुणा. दुसऱ्याच्या मायबोलीत मुद्दाम वेडंवाकडं बोलणं म्हणजे त्यांच्या घरात चिखलाचे बूट घालून शिरणं नव्हे का? ल्युबित्सा म्हणाली, "तू उगाच फार विचार करतोस." पण त्यानं ऐकलं नाही. आठवडाभर तो आंघोळ करताना, भाजी चिरताना, बसथांब्यावर "चमचा आला, वाटी आली" घोकत राहिला. रविवारी तो गेला तो गाणं अचूक पाठ करूनच.

वर्ग एका चर्चच्या सभागृहात भरायचा. मुलं अर्धवर्तुळात बसली. दीनानाथराव बादली घेऊन तयार. वेल्को गायला, एकही चूक न करता गायला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, शहाण्या मुलांसारख्या, हात जेमतेम एकमेकांना लागतील अशा. एक मुलगा जांभई देत जर्मनमध्ये म्हणाला, "घरी कधी जायचं?"

विभावरीनं खाली पाहिलं. सत्तरीला टेकलेला माणूस, हजारो मुलांसमोर उभा राहिलेला, आणि त्याला एकदम काही आठवेना. दीनानाथरावांनी ठेका सोडला नव्हता. ते नुसते मान हलवून चल म्हणत होते. वेल्कोनं तोंड उघडलं आणि निघालं ते असं:

"चमचा आली..."

आणि पुढचे शब्दच गेले. तो तसाच उभा राहिला, भाता ओढलेला.

"आला," शमिका म्हणाली.

वेल्कोनं तिच्याकडे पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. "चमचा... आलं?"

"आला!" आता चार मुलं. "चमचा आला, काका!"

"वाटी आला?"

"आली!"

"ताट... बसली?"

"बसलं! बसलं!"

मग काही आवरण्यासारखं उरलं नाही. जांभई देणारा मुलगा उठून वेल्कोच्या समोर उभा राहिला आणि त्याला हातवारे करून शिकवायला लागला, "पोळी पडली. पड-ली. म्हणा." वेल्को म्हणाला, "पडला." मुलगा वैतागून मराठीतच म्हणाला, "अहो काका, तुम्ही ऐकत का नाही?" मागं बसलेल्या आयांपैकी एक डोळे पुसायला लागली, कारण तो तिचा मुलगा होता आणि एवढं लांबलचक मराठी वाक्य ती त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती. दीनानाथरावांनी बादलीवर अशी तिहाई मारली की बादलीला चीर गेली.

वेल्को बसनं घरी आला तो थेट स्वयंपाकघरात. "ल्युबित्सा, मी खरा चुकलो. खराखुरा. किती वर्षांनी." तिनं त्याच्या पुढ्यात सूप ठेवलं आणि म्हणाली, "तुला बरं वाटलं ना? मग जेव."

त्यानंतर रविवार ठरूनच गेला. फळांचं गाणं झालं, अंगणातल्या प्राण्यांचं झालं. वेल्को जसजसा शिकत गेला तसतशी विभावरी गाणी अवघड करत गेली, त्याला बरोबर येऊ नये म्हणून. मुलं आठवडाभर नवनवे कठीण शब्द शोधून आणायची, काकांना पकडायला. त्यासाठी आजोबांना विचारावं लागायचं, आणि आजोबांना जर्मन येत नव्हतं. शमिका दीनानाथरावांच्या मागं मागं फिरायची. "आजोबा, खलबत्ता तो की ती? मग उखळ? मग मुसळ?" संध्याकाळी दोघं फिरायला जात तेव्हा तिचीच अखंड टकळी चालू असायची आणि दीनानाथराव कधीकधी विभावरीला म्हणायचे, "हिला आता जरा गप्प करता येईल का?" पण ते बोलताना मिशीतल्या मिशीत हसत असत.

दिवाळीचा कार्यक्रम ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी झाला. बॉनहूनही काही कुटुंबं आली होती. वेल्को जाकीट घालून आला. ल्युबित्सानं विभावरीनं दिलेली साडी नेसायचा प्रयत्न केला आणि शेवटी ती ओढणीसारखी खांद्यावर घेतली. मुलांनी गाणी म्हटली, वेल्को चुकला, सभागृह दणाणलं. कार्यक्रमानंतर सगळे फराळाला बसले. वेल्को चकली मोडत होता, तेवढ्यात शमिका त्याच्याजवळ येऊन बसली आणि गंभीरपणे म्हणाली, "वेल्को काका, सूर्य तो असतो. पण जर्मनमध्ये डी झोन्नं, म्हणजे ती. तुमच्याकडे काय?"

"आमच्याकडे सुन्त्से," वेल्को म्हणाला. "ते."

"मग खरं काय?"

वेल्कोनं दीनानाथरावांकडे पाहिलं. त्यांनी लाडू खाली ठेवला. "आमच्याकडे तो रथातून येतो, पोरी. रथ हाकणारा तोच असणार."

"इथे महिना महिना दर्शनच नाही," ल्युबित्सा म्हणाली. "उशीर करते म्हणजे ती असेल. नटत असेल."

विभावरीनं दोन्हीकडचं भाषांतर केलं. वाद वाढला, शेजारची टेबलंही त्यात पडली. शेवटी शमिका म्हणाली, बघूनच ठरवू, आणि वेल्कोचा हात धरून त्याला खिडकीशी घेऊन गेली. बाहेर आखनचं ऑक्टोबरातलं आभाळ, भांडी घासलेल्या पाण्यासारखं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसते ढग.

वेल्कोनं काचेला नाक लावून नीट पाहिलं आणि आपल्या मराठीत म्हणाला, "तो नाही. ती नाही. ते पण नाही."

शमिका चूक शोधायला थांबली. तिनं वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. मग मागं वळून ओरडली, "आजोबा, काका बरोबर बोलले."

दीनानाथराव हसता हसता खोकायला लागले आणि विभावरीला त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. वेल्को खिडकीशीच उभा होता. त्याची बोटं काचेवर चालली होती, तीन, दोन, दोन. नवं गाणं सुरू झालं होतं.